‘अजून दोन दिवस राहू दे’ म्हटलं की भाजी जून होते : वसंतातली काढणी

नमस्कार मंडळी. आज फक्त काढणीबद्दल बोलायचं आहे. वसंत लागला की तुमचे प्रश्न ठरलेले असतात. ‘पालक छान वाढला होता, एकदम कडवट का लागला?’ ‘वाटाण्याचे दाणे टपोरे आहेत, पण पिठूळ लागतात.’ ‘मुळा एवढा मोठा झाला, कापला तर आत नुसता कापूस.’ प्रत्येकाला वाटतं खतात काहीतरी चुकलं किंवा बियाणंच खराब निघालं. या तिन्ही तक्रारींत बियाण्याचा काहीही दोष नाही. भाजी वेळेवर काढली नाही, एवढंच झालंय.

आधी नेहमीच्या गोष्टी पटकन उरकू. काढणी सकाळी, ऊन चढायच्या आत, कारण रात्रभरात पानांत पाणी भरलेलं असतं. कात्री धारदार आणि पुसलेली हवी. टोपली सावलीत ठेवायची. काही फवारलं असेल, तर फवारणीनंतर किती दिवस भाजी काढायची नाही ते डब्यावर छापलेलं असतं, ते दिवस मोजायचे. झालं.

आता मुद्द्याचं. थंडीत तयार झालेला पालक, लेट्यूस किंवा मुळा वाफ्यात आठवडा-दीड आठवडा तसाच राहिला तरी बिघडत नाही. वाढ संथ असते, वाफाच शीतपेटीसारखं काम करतो. आपल्यालाही तीच सवय लागते : लागेल तसं काढू. वसंतात दिवस मोठा होतो, हवा तापते आणि थंडीतल्या या झाडांना बी धरायची घाई होते. आधी जी भाजी दहा दिवस थांबायची, ती आता तीन-चार दिवसही थांबत नाही. आपण मात्र जुन्याच हिशोबाने ‘अजून दोन दिवस राहू दे, जरा मोठं होईल’ म्हणत बसतो.

(वाटाण्याच्या दोन शेंगा कॅमेऱ्यासमोर धरायच्या.)

या दोन शेंगा बघा. ही हिरवीगार, तुकतुकीत आहे. दाबली तर दाणे हाताला लागतात, पण दोन दाण्यांच्या मध्ये थोडी जागा आहे. ही दुसरी फिकट पडलीय, चकाकी गेलीय, सालीवर बारीक जाळी उठलीय. आत दाणे एकमेकांना इतके रेटतायत की ते गोल न राहता चौकोनी झालेत. लांबी जवळपास सारखीच, म्हणून लांबीवरून काही कळत नाही. पहिलीतल्या दाण्यात साखर आहे. दुसरीत त्या साखरेचं पिष्ट, म्हणजे स्टार्च, होऊन बसलंय आणि दाण्याची सालही जाड झालीय. कितीही शिजवा, ती गोडी परत येत नाही.

फूल उमलल्यापासून दाण्याचा वाटाणा साधारण तीन आठवड्यांत तयार होतो, ऊन वाढलं की त्याआधीच. सालीसकट खायची चपटी शेंग त्याच्याही कितीतरी आधी, आत दाण्याची नुसती खूण दिसते तेव्हाच तोडायची. वेलावर खालच्या शेंगा आधी भरतात, म्हणून खालून वर बघत जायचं. बहराच्या दिवसांत एक दिवसाआड फेरी हवीच. शेंगा हिरव्या, पानंही हिरवी, त्यामुळे एक-दोन सुटतातच. परतीच्या फेरीत उलट्या बाजूने बघा, तेव्हा त्या दिसतात.

आणि ही सुटलेली शेंग फक्त स्वतः वाया जाते असं समजू नका. झाडाचं काम बी तयार करणं. एक-दोन शेंगांत बी पक्कं व्हायला लागलं, की वेल अन्न तिकडे वळवतो, शेंड्याची वाढ मंदावते आणि नवी फुलं कमी होतात. मग तुम्ही विचारता, ‘फुलं यायची एकदम का थांबली?’ खाली दोन शेंगा वाळत लटकल्यात, त्या बघा आधी. उन्हाचाही वाटा आहे, तापमान ३० अंशांच्या आसपास गेलं की वाटाण्याची फुलं गळतातच. ऊन आपल्या हातात नाही. शेंगा वेळेवर तोडणं आहे.

तोडताना दोन हात लावा. एका हाताने वेल धरायचा, दुसऱ्याने शेंग देठापाशी मोडायची. एका हाताने ओढलं की अर्धा वेल जाळीवरून खाली येतो आणि मुळांना हिसका बसतो. वाटाण्याची मुळं नाजूक असतात, असे दोन-तीन हिसके बसले की वेल पिवळा पडायला लागतो.

आता हाच उशीर पालेभाजीत कसा दिसतो बघू.

लेट्यूसच्या मधला भाग बोटांनी उघडून बघायची सवय लावा. पानं जमिनीलगत गोल बसलेली असतील तर ठीक. मधला दांडा वर सरकायला लागला, रोप टोपीसारखं उंच दिसायला लागलं, की ते फुलावर चाललंय. पान मोडल्यावर पांढरा चीक भरभरून आला, तर कडवटपणा आलाच समजा. त्या चिकातच कडू द्रव्यं असतात. पालकाचं पान आधी गोलसर असतं, मग टोक निघून बाणासारखं होतं. कोथिंबिरीची खालची पानं रुंद आणि शेंड्याची दोऱ्यासारखी बारीक दिसली, की तिचंही तेच चाललंय.

यावर हमखास येणारा प्रश्न : ‘दांडा खुडून टाकला तर?’ नाही. झाडाने एकदा ठरवलं की ते मागे फिरत नाही, बगलेतून दुसरा दांडा काढतं. कोथिंबिरीत दोन-चार दिवस मिळतील. लेट्यूसमध्ये कडवटपणा उरतोच. शेडनेट आणि नियमित पाण्याने हे काही दिवस पुढे ढकलता येतं, पण दांडा दिसायच्या आधी लावली तर. दांडा सरकताना दिसला की त्याच दिवशी पूर्ण रोप कापून घ्या. उद्या नको.

आणि तिसरीकडून, म्हणजे जमिनीखालून. इथे तर काही दिसतही नाही, म्हणून फसगत जास्त. छोटा गोल मुळा तीन ते चार आठवड्यांत तयार होतो. त्याचा माथा मातीतून वर डोकावतो, बोटाने माती बाजूला केली की जाडी कळते. अडीच सेंटिमीटर झाला की उपटा. पुढे वाढतो तो आकाराने, आतून मात्र पोकळ आणि जरड होत जातो, तिखटही होतो. लांब मुळ्याला जास्त दिवस लागतात, पण त्यालाही फुलाचा दांडा दिसायच्या आत काढायचं. उशीर झालाच तर दोन-तीन रोपं तशीच ठेवा, त्यांना डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील. त्या मात्र कोवळ्या तोडा, नखाने सहज तुटतात तोवरच.

बीट पाच ते सात सेंटिमीटर जाड झालं की काढा. पाला कापताना दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवा आणि खालचं शेपूट छाटू नका, नाहीतर शिजताना सगळा रंग पाण्यात उतरतो. गाजराचा माथा दोन सेंटिमीटर जाड झाला की एक उपटून बघा. आदल्या दिवशी पाणी द्या आणि बाजूला खुरपं खुपसून माती सैल करा, मग ओढा. कोरड्या मातीत पाला हातात येतो आणि गाजर आत राहतं. माथा उघडा पडून हिरवा झाला असेल तर तेवढाच कापून टाका, बाकी गाजर चांगलं असतं.

काढणीसाठी आपल्या भाषेत वेगवेगळी क्रियापदं आहेत : खुडणं, तोडणं, कापणं, उपटणं. ती उगाच नाहीत, प्रत्येकाचं झाड वेगळं आहे. पालक आणि लेट्यूस खुडायचे, बाहेरची पानं आधी. एका वेळी तिसऱ्या हिस्स्यापेक्षा जास्त नाही आणि मधली चार-पाच पानं सोडायची, कारण नवं पान तिथूनच येतं. मेथी कापायची, जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून, मग दुसरा फुटवा मिळतो. अगदी बुडातून कापली तर मिळत नाही. शेंगा तोडायच्या. मुळा, गाजर उपटायचं. पालकाचं रोप पहिल्याच काढणीत मुळासकट उपटून ‘परत का फुटला नाही’ विचारणारे बरेच जण आहेत, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं.

ब्रोकोलीत कळ्या घट्ट, बारीक आणि गर्द हिरव्या असतानाच मधला गड्डा कापा. दांडा बारा-पंधरा सेंटिमीटर घ्या आणि काप तिरका द्या, म्हणजे ठोंबावर पाणी साचून कुजत नाही. एखादी कळी पिवळी दिसली तर उशीर झालाय, तरी त्याच क्षणी कापा. झाड काढू नका, बगलेतून छोटे गड्डे येत राहतात. फ्लॉवरला असं परत काही येत नाही. गड्डा सुपारीहून थोडा मोठा दिसला की त्याच्यावर त्याचीच पानं दुमडून बांधा, नाहीतर उन्हाने पिवळा पडतो. बांधल्यावर विसरू मात्र नका, गरम हवेत आठवड्याच्या आत गड्डा विस्कटायला लागतो. कोबी दाबून बघायचा, दगडासारखा लागला की कापायचा. लगेच नको असेल तर गड्डा दोन्ही हातांनी धरून पाव वेढा फिरवा. थोडी मुळं तुटतात, पाणी कमी ओढलं जातं आणि गड्डा तडकत नाही.

आता जिथे खरोखर थांबायचं असतं ते दोघे : कांदा आणि लसूण. गंमत अशी की जे वाटाणा काढायला थांबतात, तेच इथे घाई करतात.

साठवणीच्या कांद्याच्या निम्म्या माना आपोआप पडल्या, की काढणी. त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडायचं. माना पायाने किंवा काठीने आडव्या करण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. मान ठेचली जाते, नीट वाळत नाही आणि कुजणं तिथूनच सुरू होतं. काढल्यावर पातीसकट काही दिवस सुकवा, मग तीन-चार सेंटिमीटर मान ठेवून पात कापा आणि आणखी दहा-पंधरा दिवस सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरून ठेवा. मान चोळली की कागदासारखी वाजली पाहिजे. ज्या कांद्याला डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आलाय तो वेगळा काढून आधी वापरा. त्याच्या मधोमध कडक दांडा असतो, तो टिकत नाही.

लसणाची प्रत्येक पात म्हणजे गड्ड्यावरचा एक पापुद्रा. खालच्या एक तृतीयांश ते निम्म्या पाती वाळल्या आणि वरच्या पाच-सहा हिरव्या असल्या की काढा. सगळ्या वाळू दिल्या तर पापुद्रे मातीतच कुजतात, पाकळ्या सुटतात आणि लसूण टिकत नाही. काढताना पातीला धरून ओढू नका, खालून खुरप्याने उचला. धुवायचा तर अजिबात नाही. दोन-तीन आठवडे सावलीत वाळवा, मग माती हाताने झाडा.

काढल्यावर काय? पालेभाजी थंड पाण्यात दहा मिनिटं बुडवा, नीट निथळा, कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. पानांवर पाणी राहिलं तर दोन दिवसांत चिकट होते. मुळा, गाजर, बिटाचा पाला लगेच वेगळा करा, तो कंदातलं पाणी ओढत राहतो. वाटाणा टोपलीत ठेवून दुपारी बघू म्हणू नका. तोडल्यावरही साखरेचं पिष्ट होतच असतं, खोलीच्या उष्णतेत काही तासांत गोडी उतरते. लगेच थंडाव्यात ठेवा आणि खायच्या वेळीच सोला. गाजराशेजारी सफरचंद किंवा पिकणारी केळी नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होतं.

शेवटचा प्रश्न बियाण्याचा. ‘पालक फुलावर आलाच आहे, तर त्याचंच बी धरू का?’ जो सगळ्यात आधी फुलावर आला, त्याचं बी धरलं तर पुढच्या वर्षी लवकर फुलणारीच झाडं वाढतील. पहिली फुललेली रोपं काढून टाका. जी सगळ्यात शेवटपर्यंत पानं देत राहिली, त्यांना बांधावर काठी रोवून खूण करा. पालकाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि परागण वाऱ्याने होतं, म्हणून अशी सात-आठ रोपं एकत्र ठेवा. वाटाण्यासाठी एक अख्खा वेल राखून ठेवा, त्याला रंगीत दोरा बांधा आणि त्याची एकही शेंग तोडू नका. साल तपकिरी होऊन हलवल्यावर आत दाणे खुळखुळले, की ते बी तयार.