जंगल मोजायचं कशानं?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात महामार्गानं संगमेश्वर, राजापूर, कणकवली करत सावंतवाडीकडे निघालं, की दोन्ही बाजूंना नुसतं हिरवं दिसतं. उपग्रहालाही वरून साधारण तेच दिसतं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशातल्या जंगलाचा अहवाल काढते. तिचा नियम साधा आहे. जागा निदान एक हेक्टर हवी आणि तिच्यावर झाडांच्या माथ्यांची सावली दहा टक्क्यांहून जास्त हवी, की ते वनाच्छादन. जमीन कुणाची, झाडं कसली, हे तिथे पाहिलं जात नाही. त्यामुळे देवगडची हापूसची बाग, वेंगुर्ल्याची काजूची बाग, दोडामार्गातलं रबर आणि सह्याद्रीच्या उतारावरचं जुनं रान ही सगळी एकाच बेरजेत जातात. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. आकडा खोटा नाही. पण माझ्या गावामागचं रान बरं आहे की आजारी, हे त्यातून कळत नाही.

संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना जगभरासाठी वेगळं माप लावते. अर्धा हेक्टर जागा, पाच मीटर उंचीची झाडं, दहा टक्के सावली, आणि फळबागा वगळून. म्हणजे देवगडची बाग तिथे जंगल ठरत नाही. रबराची लागवड मात्र तिथेही जंगलच! दोडामार्गात ऐन, किंजळ, जांभळाचं रान साफ करून कुणी रबर लावलं, तर मधली चार वर्षं सोडल्यास दोन्ही मापांत जंगल जिथल्या तिथे. मला हे अतिशय गंभीर वाटतं. गावात डोकी मोजली आणि त्यात म्हातारं कोण, पोर कोण, गावचं कोण, पाहुणं कोण हे विचारलंच नाही, तर ती कसली शिरगणती?

जगाला हा प्रश्न १९९२ च्या रिओतल्या वसुंधरा परिषदेत मोठ्यानं पडला. जंगल टिकवून वापरायचं हे सगळ्यांनी मान्य केलं, पण टिकलं की नाही हे ठरवायचं कशावरून? मग शेजारी देश एकत्र बसू लागले. युरोपातले देश १९९३ मध्ये हेलसिंकीला जमले. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या देशांनी १९९५ मध्ये पेरूतल्या तारापोतो इथे स्वतःची यादी केली. त्याच वर्षी कॅनडा, जपान, चिली वगैरे देशांनी सान्तियागोमध्ये सात निकषांवर सहमती केली. या याद्या वेगवेगळ्या असल्या तरी निकष बरेच जुळतात: जंगल किती, त्यात जीव किती प्रकारचे, माती-पाणी धरून ठेवतं का, त्यातून माणसाला काय मिळतं, आणि कायदा त्याच्या पाठीशी उभा आहे का.

आपल्याकडे हे काम भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेनं हाती घेतलं. १९९८ मध्ये तिथे आठ निकष आणि ४३ निर्देशक, म्हणजे निकष प्रत्यक्ष मोजायच्या खुणा, ठरले. पुढच्याच वर्षी नेपाळ, भूतान, श्रीलंका, बांगलादेश, म्यानमार, थायलंड, चीन, मंगोलिया आणि आपण असे नऊ देश आशियातल्या कोरड्या जंगलांसाठी भोपाळलाच बसले. भोपाळच्या त्या आठ निकषांत एक असा आहे, जो ऐकून कोकणातल्या माणसाला बरं वाटेल. लोकांच्या सामाजिक, सांस्कृतिक आणि आध्यात्मिक गरजा जंगल भागवतं का, हाही तिथे मोजायचा विषय आहे. म्हणजे आपली देवराई त्या तक्त्यात हक्कानं बसते.

उदाहरणच देतो. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जंगली जायफळाची दलदल आहे. झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वाकून वर येतात आणि हवा घेतात. अशा दलदली केरळ-कर्नाटकात आहेत, महाराष्ट्रात तर फारच दुर्मिळ. ही टिकली, कारण गावानं ती महादेवाची राई म्हणून राखली. आता तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे. जागा किती? अडीच हेक्टरच्या आसपास. क्षेत्रफळाच्या अहवालात ती कुणाच्या डोळ्यालाही लागणार नाही. आठ निकषांनी मोजा, मग तिची किंमत कळते.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. २०१४ पासून हे निकष सरकारी जंगलांच्या कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या कामाच्या आराखड्यात, आले. उत्तम झालं. पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल आहेच किती? फार थोडं. इथलं बहुतेक रान सातबाऱ्यावरचं, खाजगी, आणि एकेका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला. या रानाला कार्य आयोजना नाही. त्याला असतो तो ठेका. व्यापारी येतो, डोंगराचा एक भाग उक्ता ठरतो, तोडीची परवानगी निघते आणि कोयत्यापासून यांत्रिक करवतीपर्यंत सगळं चालून डोंगर साफ होतो. पाऊस पडला की बुंध्यांना फुटवे येतात. काही वर्षांत पुन्हा हिरवं, पुन्हा ठेका. त्या मालकालाही दोष देऊन चालणार नाही. मुलीचं लग्न, आजारपण, घराची कौलं, यासाठी गावाकडे दुसरं हातात असतं काय?

पण या फेऱ्यात एक गोष्ट कायमची जाते, ती म्हणजे म्हातारं झाड. फुटव्याच्या रानात मांडीएवढी झाडं भरपूर मिळतील, दोघांच्या कवेत न मावणारा बेहडा मिळणार नाही. आणि तो बेहडाच ककणेराला, म्हणजे धनेश पक्ष्याला, लागतो. जुन्या बेहड्याला, सातविणीला फांदी मोडून ढोली पडते. मादी तिच्यात बसते, तोंड लिंपून घेते, चोच आत-बाहेर होईल एवढीच फट ठेवते आणि नर महिनोन् महिने तिला फळं भरवतो. घरट्याखाली उभं राहिलं तर पायाखाली बियांचा सडा असतो: उंबर, जांभूळ, काजरा. त्यातल्या कितीतरी बिया पक्षी दूरच्या डोंगरावर नेऊन टाकतो. ढोली गेली की हा पेरणारा गेला. उपग्रहाला यातलं काही दिसत नाही, त्याला फक्त हिरवं दिसतं.

म्हणून निर्देशक जमिनीवर उतरून मोजावे लागतात, आणि हे काम अवघड नाही. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद दोरी लावायची. आतल्या प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, शिंप्याच्या टेपनं घ्यायचा. मग खाली वाकून रोपं मोजायची: ऐनाची किती, किंजळीची किती, आणि रानमोडीचं तण किती. मोठी झाडं आहेत पण त्यांच्या जातीचं एकही रोप नाही, असं आढळलं तर ते रान आतून थांबलंय असं समजावं. दहावीतली मुलं हे एका दुपारी शिकतात, आणि झाडांची नावं सांगायला गावातल्या गुराख्याइतका जाणकार दुसरा नाही.

शेजाऱ्याचं माप तेच असण्याची गरज आपल्याइतकी कुणाला असेल? तिलारी धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचं मिळून आहे. तीच नदी पत्रादेवीच्या नाक्याला न विचारता गोव्यात शिरते आणि शापोरा होते. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, तेही ओळखपत्र दाखवून नव्हे. इकडे तिलारीचं संवर्धन राखीव, पलीकडे गोव्याचं म्हादई अभयारण्य, वर कर्नाटकाचं भीमगड अभयारण्य, हे रान एकच. तीन सरकारं ते तीन वहीत तीन तऱ्हेनं लिहितात. हत्तीनं माडाची बाग झोपवली की ते नुकसान इकडच्या शेतकऱ्याचं, आणि तो का आला याचं उत्तर पलीकडच्या रानात.

देश हे करू शकतात, तर राज्यांना अवघड काय आहे? भारत आणि बांगलादेशानं २०११ मध्ये सुंदरबनासाठी करार केला. भूताननं तर साठ टक्के भूभाग कायम जंगलाखाली राहील हे २००८ च्या राज्यघटनेतच लिहिलं. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो नेपाळ. १९९३ च्या कायद्यानं तिथे जंगल गावगटांच्या हाती दिलं. आज असे २२ हजारांहून जास्त गट आहेत. आपल्या जंगलाची आराखडा-वही तेच ठेवतात, लाकूड-पाला किती काढायचा तेच ठरवतात, आणि डोंगर पुन्हा भरले. मोजणारा आणि राखणारा एकच असला की वही खोटी लिहायचं कारण उरत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय ठेका थांबणार नाही. सह्याद्रीत हिरडा आणि बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड नावाचं प्रमाणपत्र मिळालेलं आहे. झाड न तोडता, फळं ठरल्या प्रमाणात गोळा करून, मोजून-नोंदवून दिली की परदेशी औषधी कंपन्या चढा भाव देतात. त्या बेहड्याला ढोली असेल तर ती राहते आणि दर साली पैसेही येतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं वन आणि लाकूड प्रमाणनाची भारतीय योजना सुरू केली आहे. जंगलाबाहेरची झाडंही तिच्या कक्षेत येतात. खाजगी रानाच्या कोकणानं तिकडे लक्ष द्यावं. दहा भावांच्या एका सातबाऱ्याला हे एकट्यानं झेपणार नाही, वाडीतल्या पाच-सहा सातबाऱ्यांनी मिळून करावं लागेल.

आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली एक समिती आणि एक लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. येत्या ग्रामसभेत ती वही मागा, कपाटात असेल तर बाहेर काढा. तिच्यात आपल्या हद्दीतले ढोलीवाले बेहडे आणि सातविणी जागेसकट लिहा, देवराईतली रोपं लिहा, एप्रिलपर्यंत झरा वाहतो की आटतो ते तारखेनं लिहा. पेडण्यात किंवा डिचोलीत तुमचे सोयरे असतील, तर त्यांच्या पंचायतीलाही हाच तक्ता द्या. घेर मात्र दोन्हीकडे १.३७ मीटरवरच घ्यायचा, हे त्यांना आठवणीनं सांगा.

नमस्कार.