काळी पावडर

(दृश्य: नागपूरची सीताबर्डी. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, काउंटरखालच्या डब्यात फुगलेल्या बॅटऱ्या.)

बॅटरी मेली, असं आपण सहज म्हणतो. ती चार्ज धरत नाही, एवढंच खरं. आतला धातू जिथल्या तिथे असतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. हातमोजे घालून उघडलेला सेल.)

सेलच्या आत चटईसारखी घट्ट गुंडाळी असते. तांब्याच्या पातळ फॉइलवर ग्रॅफाइट, अॅल्युमिनियमच्या फॉइलवर काळा लेप. मोबाइलमध्ये हा लेप बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा असतो. त्याच्या वजनात 60 टक्के कोबाल्ट! जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या बऱ्याच बॅटऱ्यांत निकेल आणि मँगनीजही असतं. मँगनीज तर आपल्या रामटेक तालुक्यात, मनसरला निघतं. इकडे जमीन खणून धातू काढायचा आणि तिकडे तोच भांडेवाडीच्या कचऱ्यात टाकायचा, हा कुठला हिशेब?

हा धातू परत मिळवणाऱ्या कारखान्यात आधी बॅटरीतली उरलीसुरली वीज काढून घेतात. मग बंदिस्त यंत्रात तिचे तुकडे करून चाळतात. तांबं-अॅल्युमिनियम वेगळं होतं, खाली उरते लेपाची काळी पावडर. खरा ऐवज हाच.

(दृश्य: काचपात्रात विरघळणारी पावडर.)

पावडर गंधकाम्लात टाकली, तरी कोबाल्ट सहजी विरघळत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की कोबाल्टचं रूप बदलतं, द्रावण गुलाबी होऊ लागतं. मग एकेक धातू वेगळा करतात. लिथियम बहुतेकदा शेवटी: धुण्याचा सोडा घालून द्रावण तापवायचं. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. लिथियम कार्बोनेट मात्र कमी, म्हणून ते पांढरं होऊन खाली बसतं. भट्टीत वितळवण्याची पद्धतही आहे, पण तिच्यात लिथियम धातुमळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ गाळात जातं.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्यांत ना कोबाल्ट, ना निकेल. त्यातून पैसा कमी सुटतो, म्हणून त्या मागे पडतात. बाजारभावावर सोडून हे काम होणार नाही, सक्ती हवीच. केंद्र सरकारच्या 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मोबाइल आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांतला 90 टक्के माल 2026-27 पासून परत मिळवायचा आहे.

(दृश्य: भंगाराचं दुकान, भर उन्हात पडलेले पॅक.)

तांब्यासाठी बॅटरी जाळू नका, फोडू नका. आतल्या द्रवातल्या लिथियमच्या क्षाराला ओल लागली की हायड्रोजन फ्लोराइड हा जहाल वायू सुटतो. टोकांना चिकटपट्टी लावा, बॅटरी उन्हाबाहेर ठेवा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्या.