आधी नळ, मग दवाखाना

(एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय 'विषाणूंपासून घराचं रक्षण'. रेबीज, डेंग्यू, गोवर, कावीळ, सगळ्यांवर बोलेन असं मी कबूल केलंय. सुरुवात रेबीजपासून करते. लक्षणं दिसू लागली की या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. आणि चावल्याबरोबर नीट उपचार झाले, तर जवळपास नेहमीच वाचतो. इतकं टोकाचं अंतर मी दुसऱ्या कुठल्या आजारात पाहिलेलं नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होते, तेव्हाची गोष्ट. एक बाई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, कालपासून पाणी गिळत नाही, घशात काहीतरी झालंय." मी फुलपात्रात पाणी ओतलं. नुसत्या त्या आवाजाने पोराचा गळा आवळला. कुत्रं चावलं होतं का, असं विचारलं. आई म्हणाल्या, "हो, पण ते तीन महिन्यांपूर्वी. आणि सुई घेतलीय ना."

घेतली होती ती धनुर्वाताची सुई. मुलाने पिलाचा चावा दोन दिवस लपवून ठेवला होता, कारण पिलांपाशी जाऊ नको म्हणून आधीच बोलणी खाल्ली होती. मग आजीने पाहिलं, चुना लावला. एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथे एक इंजेक्शन मिळालं आणि सगळे निर्धास्त घरी आले. ती सुई कशाची होती आणि कशाची नव्हती, हे त्या माऊलीला कोणी सांगितलंच नाही! मुलगा गेला. नंतर बाई मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "सुई घेतली होती ना हो?" त्याला आज वीस वर्षं झाली. धनुर्वाताची सुई जखमेसाठी घ्यावीच, पण तिने रेबीज टळत नाही. म्हणून मी प्रत्येक सभेत हे सांगत राहते. केसपेपर हातात आला की विचारा, "ही लस कुत्र्याची का?" विचारायला लाजू नका.

चौदा इंजेक्शनं बेंबीभोवती घेतलेले कोणी आहेत का इथे? (सभागृहात चार हात वर.) बघा, काकांचा हात पोटावर गेला! ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या अखेरीस बंद झाली. तरी त्या भीतीपोटी लोक अजून दवाखान्यात यायला कचरतात. आता लस दंडात देतात. कातडीत द्यायची तर 0 (म्हणजे पहिल्या सुईचा दिवस), 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूत द्यायची तर 14 व्या दिवशी आणखी एक. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 6 जुलै 1885 ला नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा लस टोचली, तेव्हा त्याला चावा बसून दोन दिवस झाले होते. तोही वाचला. म्हणजे उशीर झाला म्हणून घरी बसायचं नाही, आज कळलं तर आज निघायचं.

हा विषाणू साप चावल्यासारखा झटपट अंगात भिनत नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडाभर, कधी वर्ष. चेहऱ्यावर, हाताच्या बोटांवर चावलं तर वाट जवळची. तेवढ्या मुदतीत त्याला गाठायचं. आणि पहिला वार साबणाचा. विषाणूभोवती चरबीचं वेष्टन असतं. तुपाचं भांडं नुसत्या पाण्याने निघतं का? साबणानेच निघतं, तसंच हे. नळाखाली धार धरून, साबण लावून, घड्याळ बघून 15 मिनिटं. तिखट नको, हळद नको, चुना नको. नखाचा ओरखडा असेल किंवा जखमेवर कुत्र्याने चाटलं असेल, तरी धुवायचं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत सीरमही, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं, ते मागून घ्या. पहिल्या दिवशी मिळालं नाही, तर पहिल्या लशीपासून सातव्या दिवसापर्यंत घेता येतं. गरोदर बाईनेही लस घ्यायची. आणि 'पथ्य काय?' म्हणून विचारतात, तर जेवणाचं काहीही पथ्य नाही.

आणि पोरांनी सांगितलं की आधी रागावू नका. हे लशीइतकंच महत्त्वाचं. मांजर असो, माकड असो, पाळलेलं पिल्लू असो, 'मला चावलं' हे शब्द पोराच्या तोंडून त्याच दिवशी यायला हवेत. आज घरी जाऊन नातवंडांना एवढं सांगा की चावलं तर मार मिळणार नाही.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. उरलेलं भराभर सांगते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळताना पिंप नुसतं ओतायचं नाही, घासायचं. फ्रिजमागचा ट्रे विसरू नका. ताप आला तर पॅरासिटामॉलच घ्या, अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन मनाने नको. ताप उतरल्यावर पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर लगेच दवाखाना गाठा, धोका त्याच दिवसांत असतो.

गोवराची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत, दोन्ही हव्यात. एका डोसवर थांबू नका. काविळीपैकी 'ब'ची लस बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत मिळायला हवी, घरी जाण्याआधी विचारून घ्या.

मागच्या मावशींचा प्रश्न ऐकला. पुन्हा चावलं तर सगळं पहिल्यापासून का? नाही. आधीचा कोर्स पूर्ण असेल तर दोनच सुया, 0 आणि 3 व्या दिवशी, आणि सीरम नको. जखम मात्र तशीच 15 मिनिटं धुवायची. पण आधीचा कोर्स झालाय हे डॉक्टरांना कार्डावरूनच कळणार. पावसाळ्यात कार्ड भिजतं, उंदीर कुरतडतात. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक लेकीला पाठवा.