जुनी पिकअप घेण्याआधी डिझेलचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा भाचा सकाळी सकाळीच घरी आला. इंदूरच्या चोइथराम मंडीतून कांदा-बटाटा उचलायचा आणि राजेंद्रनगर, सुदामानगर, अन्नपूर्णा भागातल्या दुकानांना पोचवायचा, हा त्याचा धंदा. आत्तापर्यंत भाड्याच्या गाडीवर चालला होता. चहा संपायच्या आत म्हणाला, "मामा, देवास नाक्यावर एक डिझेल पिकअप बघितलीय. २०१३ची आहे, पावणेतीन लाखांत मिळतेय. तू फक्त येऊन इंजिनाचा आवाज ऐक."

मी आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. त्यामुळे नात्यातला कोणीही जुनी गाडी बघायला निघाला की मला बोलावतो आणि मीही आनंदाने जातो. पण त्या दिवशी मी त्याला आधी खाली बसवलं आणि विचारलं, "महिन्याला किती किलोमीटर चालवणार आहेस?"

"तीन हजार तरी होतीलच."

"मोजलेस?"

मोजले नव्हते. मी त्याला एक वही दिली आणि पंधरा दिवस रोजच्या फेऱ्या लिहून काढायला सांगितल्या. पंधरा दिवसांनी वही उघडली. मंडी, दुकानं, मधूनच महूचा एखादा फेरा, आठवड्याला एकदा सांवेर, सगळं धरून महिन्याचा आकडा निघाला तेराशे. कुठे तीन हजार, कुठे तेराशे! तो खोटं बोलत नव्हता. दिवसभर स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला वाटतं की आपण फार लांब जाऊन आलो. शहरात वेळ जातो, किलोमीटर होत नाहीत.

आजचं माझं बोलणं या एका आकड्याभोवतीच फिरणार आहे. जुनी डिझेल गाडी परवडते की नाही, हे गाडीपेक्षा तुमच्या किलोमीटरवर जास्त ठरतं. कसं ते सांगतो.

भाच्यासमोर दोन गाड्या होत्या. एक ही २०१३ची, पावणेतीन लाखांची. दुसरी २०१८ची, साडेचार लाखांची. फरक पावणेदोन लाखांचा. नवीन गाडी माल भरून लिटरला १३ किलोमीटर देते, असं तिच्या मालकाच्या वहीवरून दिसत होतं. जुन्या गाडीचा मालक सांगत होता, "भिया, पंधरा का एव्हरेज है, मक्खन गाडी है." बारा वर्षं मंडीचा माल ओढलेली गाडी पंधरा देते, हे मला पटलं नाही. आम्ही त्याच्याकडे आगाऊ रक्कम ठेवली आणि दोन दिवसांसाठी गाडी मागून घेतली.

अ‍ॅव्हरेज काढायची रीत साधी आहे, पण लोक ती घाईत बिघडवतात. टाकी फुल भरा. पंप तोच, नळी तीच, आणि नळी स्वतःहून पहिल्यांदा बंद पडली की थांबायचं. मग आपल्या नेहमीच्या वाटेवर, आपला नेहमीचा माल भरून गाडी चालवायची. परत त्याच नळीवर टाकी भरायची आणि जितके लिटर गेले त्याने किलोमीटरला भागायचं. तीस-चाळीस किलोमीटरवर हा हिशेब करू नका. टाकी भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच आणि तेवढ्याने उत्तर बदलतं. आणखी एक. मीटरवर आंधळा विश्वास नको. मागच्या चाकांना मापापेक्षा मोठे टायर घातले असतील तर मीटर खरे किलोमीटर कमी दाखवतो. फोनवर नकाशा लावून वीस किलोमीटरचं अंतर एकदा ताडून बघा.

आम्ही पहिल्या दिवशी मंडी आणि दुकानं केली. दुसऱ्या दिवशी एक टन माल घालून आग्रा-मुंबई रस्त्याने मानपूरच्या पुढचा घाट उतरून गुजरीपर्यंत गेलो आणि चढून परत आलो. १६८ किलोमीटर झाले, साडेसतरा लिटर डिझेल लागलं. म्हणजे लिटरला ९.६.

घाटाचं थोडं बोलतो, कारण आपल्या माळव्याच्या माणसाला तो चुकत नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, खाली नर्मदेकाठी खलघाट दीडशेच्या आसपास. गाडी आणि माल मिळून तीन टन वजन घाटाखालच्या निमाडातून वर आणायचं म्हणजे ते चारशे मीटर उचलायचं. चांगल्या इंजिनालासुद्धा नुसत्या या उचलण्यापायी साधारण एक लिटर डिझेल जास्तीचं लागतं. उतरताना ते परत मिळत नाही, त्याची उष्णता होऊन ब्रेकमधून निघून जाते. ज्याचा माल निमाडातून येतो, त्याने सपाट रस्त्यावरचं अ‍ॅव्हरेज धरून भाव ठरवला तर तो दर फेरीला थोडा थोडा तोट्यात जातो आणि वर्षभर त्याला कळतही नाही.

आता पैशाकडे या. हिशेबाला लिटरमागे ९२ रुपये धरतो. तुमच्या पंपावर जो भाव असेल तो तुम्ही घाला. महिन्याला ३००० किलोमीटर असते, तर जुन्या गाडीला ३१२ लिटर लागले असते आणि नवीला २३१. म्हणजे महिन्याला साडेसात हजारांचा फरक. पावणेदोन लाख रुपये दोन वर्षांत डिझेलमधूनच वसूल झाले असते. मग मीच त्याला म्हटलं असतं, बाबा रे, नवी घे. पण १३०० किलोमीटरला जुनीला १३५ लिटर, नवीला १००. फरक सव्वातीन हजारांचा. तेच पावणेदोन लाख फिटायला साडेचार वर्षं. गाड्या त्याच, भाव तोच, फक्त किलोमीटर बदलले आणि उत्तर उलटं झालं.

इथे एक गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवायचो. लिटरला ८ देणारी गाडी १० देऊ लागली, तर हजार किलोमीटरला २५ लिटर वाचतात. लिटरला १४ देणारी १६ देऊ लागली, तर वाचतात फक्त ९. वाढ दोन्हीकडे दोनचीच! म्हणून 'किती अ‍ॅव्हरेज देते' असं विचारण्यापेक्षा 'शंभर किलोमीटरला किती लिटर खाते' असं विचारा. वाईट गाडी थोडी सुधारण्यात जेवढा पैसा वाचतो, तेवढा चांगली गाडी आणखी चांगली करण्यात वाचत नाही.

आणि भाच्याच्या बाबतीत पुढचा प्रश्न हाच होता. ९.६ हे या गाडीचं म्हातारपण आहे की आजारपण?

परत आल्यावर मी चारही चाकांच्या रिमजवळ हात नेला. मागचं डावं चाक इतकं तापलं होतं की हात धरवेना. म्हणजे ब्रेक धरत होता. गाडी दिवसभर स्वतःचाच ब्रेक ओढत चालली होती. एअर फिल्टर काढला तर मंडीच्या धुळीने भरलेला. चढावर काळा धूर येत होता तो त्यामुळेच. डिझेल जातंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही. हवेच्या दाबात दोन टायर दहा-दहा पाउंडांनी कमी. हे सगळं आजारपण, पैसे टाकले की बरं होणारं.

धुराचा रंग बघायला शिका, फार उपयोगी पडतं. काळा धूर म्हणजे जास्त डिझेल किंवा कमी हवा. फिल्टर, इंजिनात डिझेल फवारणारं नोझल आणि त्याचा पंप इथे बघायचं. पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय. नोझल बिघडलं असेल किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलं असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा किंवा टर्बो थकले आहेत. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भक-भक धूर येत असेल तर इंजिन खोलून नव्याने बांधावं लागेल, आणि तो खर्च गाडीच्या किमतीत आधीच मिळवून बघा. आणि बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. मालकाने आधीच चालवून गरम करून ठेवलेली गाडी बघू नका. थंड इंजिन सकाळी कसं सुरू होतं, त्यातच खरं काय ते कळतं.

आमच्या गाडीच्या झाकणातून धूर नव्हता. सकाळी थंड असताना ती अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. त्याच क्षणी माझा जीव भांड्यात पडला.

'डिझेल म्हणजे स्वस्त' हे आपल्या मनात कुठून बसलं, तेही सांगतो. २०१२च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये होतं आणि डिझेल ४१. सरकार डिझेलचा भाव धरून ठेवत होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये तो मोकळा केला, जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला. आज दोन्हींतलं अंतर तेव्हाइतकं राहिलेलं नाही. डिझेल इंजिन अजूनही ओझ्याला भारी आहे, हळू फिरत असतानाही जोर देतं, वजनी कामात पेट्रोलपेक्षा कमी इंधन खातं. पण ज्याचा माल दोन-अडीचशे किलोचा आहे आणि जो राजवाडा, सियागंज, छावणी एवढ्यातच फिरतो, त्याने सीएनजीच्या छोट्या गाडीचाही हिशेब मांडून बघावा. सीएनजीच्या रांगेत जाणारा वेळही त्या हिशेबात धरा.

अगदी नवी घ्यायची तर एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते. ती अधूनमधून तापवून साफ व्हावी लागते आणि त्यासाठी गाडी सलग थोडं लांब पळावी लागते. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्याकडे ती तुंबते. नवी गाडी घेताना हा विचार फार कमी लोक करतात, याचं मला वाईट वाटतं. धूर कमी व्हायला हवाच, आपली मुलं याच शहरात श्वास घेतात, पण गाडी आणि काम यांचा मेळ आधी बघायला हवा.

कागदांचं थोडक्यात. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावा लागतो, तो खर्च आणि तो बुडालेला दिवस धरा. कर्ज उतरल्याची नोंद आरसीवर झाली का ते बघा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसीशिवाय पैसे देऊ नका.

मंडीतल्या वाट पाहण्याबद्दलही बोलायला हवं. पहाटे चारला रांगेत उभी गाडी चालूच ठेवायची सवय पुष्कळांना आहे. असं उभं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं. रोजचा एक तास धरला तर महिन्याला चौदाशे ते पावणेतीन हजार रुपये जागच्या जागी जातात. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला, कारण भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर हेच करत होता आणि डिझेल याच्याकडून घेत होता.

आणि मालाचा भाव ठरवताना हे लक्षात ठेवा. एक टन माल आणि लिटरला ९.६ म्हणजे किलोमीटरला साडेनऊ रुपये, किलोमागे जवळपास एक पैसा. साठ किलोमीटरवरून बटाटा आणला आणि जाताना गाडी रिकामी गेली, तर डिझेलच किलोमागे एक रुपयापर्यंत पोचतं. रिकाम्या फेरीचे पैसे कोणी वेगळे देत नाही. भाच्याने आता महूच्या फेऱ्याला जाताना तिकडच्या किराणा दुकानांचा माल घेऊन जायची व्यवस्था केली आहे.

शेवटी काय झालं ते सांगतो. आम्ही मालकासमोर वही ठेवली. साडेसतरा लिटर, १६८ किलोमीटर, तापलेलं चाक, तुंबलेला फिल्टर. त्याने वाद घातला नाही, वीस हजार कमी केले. ब्रेक, फिल्टर, नोझलची तपासणी, टायरची अलाइनमेंट यांत चौदा हजार गेले. मालकाने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा टाकून ठेवला होता, ओव्हरलोडसाठी. तो मी काढून टाकायला लावला. भाचा नाराज झाला, पण एक टनाच्या वर माल भरायचा नाही हे त्याने माझ्यासमोर आपल्या आईला कबूल केलं.

वही आता गाडीच्या डॅशबोर्डवर असते. दर वेळी टाकी भरली की तो तारीख, मीटरचा आकडा आणि लिटर लिहितो. शुक्रवारी संध्याकाळी ताईकडे गेलो होतो, तेव्हा त्याने मला शेवटचं पान दाखवलं. ११.३.

नमस्कार.