समोरचा काठ आणि कागदावरचं अंतर

[दृश्य: दाभोळची जेट्टी, पलीकडे धोपावे]

दाभोळच्या जेट्टीवरून वाशिष्ठीपलीकडचं धोपावे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. फेरीबोट काही मिनिटांत तिथं सोडते. बोटच नसेल, तर चिपळूणकडे आत शिरायचं आणि दुसऱ्या काठाने पुन्हा समुद्राकडे यायचं. पायी जाणाऱ्याचे त्यात काही दिवस मोडतात.

आपल्या काल्पनिक जगात कोकणासारखा किनारा उभा करायचा असेल, तर गेम मास्टरने (टेबलावर बसून खेळायच्या भूमिका-खेळात गोष्ट चालवणाऱ्याने) नकाशाचं प्रमाण ठरवताना आधी हा वळसा डोळ्यांसमोर आणावा. प्रमाण चुकलं की खाडी कागदावरून गायब होते आणि खेळाडू "समोरच तर आहे, जातो" म्हणून मोकळे होतात.

[दृश्य: तीन वेगवेगळ्या जाळ्यांखाली तोच किनारा]

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं गेम मास्टरसाठीचं पुस्तक २०१४ साली आलं. त्यात प्रांताच्या नकाशावर एक हेक्स (जाळीतलं षटकोनी घर) म्हणजे १ मैल, राज्याच्या नकाशावर ६ मैल आणि खंडाच्या नकाशावर ६० मैल धरले आहेत. ही मापं कोकणावर ठेवून बघा. महाराष्ट्राचा किनारा सरळ रेषेत साधारण ५०० किलोमीटर, आणि समुद्र ते सह्याद्री सरासरी ५० किलोमीटर. साठ मैलांच्या हेक्समध्ये अख्खं कोकण लांबीला पाच आणि रुंदीला जेमतेम अर्धा हेक्स भरतं. सगळ्या खाड्या, सगळे घाट त्यातच गडप. पहिल्याच दिवशी खंडाचा नकाशा काढायला बसणं ही हौस झाली. पहिली पाच-सहा सत्रं त्यावाचून काही अडत नाही.

प्रमाण बदललं की किनाऱ्याची लांबीसुद्धा बदलते. भारताचा किनारा कित्येक वर्षं ७,५१६ किलोमीटर मानला जात होता. नव्या मोजणीत तो ११,०९८ किलोमीटर भरला. जमीन वाढली नाही. नवी मोजणी १:२,५०,००० या जास्त तपशिलाच्या नकाशावर झाली आणि आधी सरळ धरलेली वळणं त्यात मोजली गेली. म्हणून "किनाऱ्याने किती लांब?" असं खेळाडूने विचारलं, तर दोरा लावून मोजत बसू नये. हेक्स मोजावेत.

[दृश्य: ए-फोर कागद, पट्टी, पेन्सिलीने काढलेले हेक्स]

कोकणासारख्या मुलखाला ५ किलोमीटरचा हेक्स चांगला बसतो. माणूस सपाटीवर दिवसाला ३० किलोमीटर चालतो असं धरलं तर सहा हेक्स होतात. चढउतार, सडा (कातळाचं पठार), झाडी यांनी वेग निम्मा केला तर तीन. दिवसाला तीन ते सहा वेळा "आता कुठे?" हा प्रश्न टेबलावर येतो, तेवढं पुरे. हेक्स ३० किलोमीटरचा घेतला तर दिवसाला एकच निर्णय उरतो. एक किलोमीटरचा घेतला तर फासे टाकून टाकून मंडळी कंटाळतात. शिवाय डोळ्यांची उंची १.७ मीटर धरली तर क्षितिज सुमारे ४.७ किलोमीटरवर येतं. म्हणजे मोकळ्या जागी शेजारच्या हेक्सच्या मध्यापर्यंत नजर पोचते. नऊ मीटरच्या तटावरून ती दोन हेक्स जाते.

उभ्या ए-फोर कागदावर दीड सेंटिमीटरचे हेक्स आखले की रुंदीत १२ बसतात आणि उंचीत २१ ओळी. साठ किलोमीटर रुंद, नव्वद लांब असा मुलूख: पुळणीपासून (वाळूच्या किनाऱ्यापासून) घाटमाथ्यापर्यंत सगळं एका पानावर. या प्रमाणात एक किलोमीटर रुंदीची खाडी ३ मिलिमीटरची होते, म्हणजे ठळक दिसते. अर्ध्या मिलिमीटरचं पेन मात्र जमिनीवरचे दीडशेहून जास्त मीटर झाकतं. तेव्हा पऱ्या (ओहोळ) आणि साकव (छोटे पूल) इथे काढायचेच नाहीत.

खाडी हेक्सच्या पोटातून न नेता कडेकडेने न्यावी. पोटातून नेली की पथक नेमकं कुठल्या काठावर आहे यावरून वाद ठरलेला. कडेने नेली की ओलांडणं हा वेगळा निर्णय होतो, आणि जिथे 'तर' (माणसं पलीकडे नेणारी होडी) आहे तेवढ्याच कडांवर होडीची खूण करता येते. ही तर केव्हा चालेल ते भरतीवर सोडावं. किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब तयारच आहे: तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचा पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पाणी चढलेलं. मोहिमेच्या कॅलेंडरवर तिथी लिहिल्या की झालं.

घाटाच्या हेक्सलाही वेगळा आकडा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली दिलेला नियम इथे कामी येतो: सपाटीला तासाला साधारण ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. सातशे मीटरच्या घाटाचा हेक्स म्हणजे सपाटीच्या दोन हेक्सांहून थोडा जास्त. लादलेले बैल सोबत असतील तर तीन धरा.

[दृश्य: मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग]

आता किल्ला. सिंधुदुर्गाचं क्षेत्र सुमारे ४८ एकर. लढाईच्या नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे एक इंचाला पाच फूट धरून तो काढायचा तर चोवीस फूट लांब, चोवीस फूट रुंद कागद लागेल. एवढं टेबल कुणाकडे असतं? त्याऐवजी १:२,०००, म्हणजे एका सेंटिमीटरला २० मीटर. सगळा किल्ला ए-थ्रीवर येतो, आणि बारा फूट जाडीचा तट पावणेदोन मिलिमीटरचा होतो, त्यामुळे दुहेरी रेघेने काढता येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या नकाशाइतक्या प्रमाणात हाच तट पेनाच्या रेघेपेक्षा बारीक होईल.

वाडीलाही हेच प्रमाण. पाखाडी (दगडी पायवाट), गडगे (दगडी कुंपणं), विहीर, देऊळ, सगळं दिसतं. मिनिटभर चाललेलं अंतर कागदावर जवळजवळ चार सेंटिमीटर असतं. पहारेकऱ्याची हाक ऐकून मदत किती वेळात येईल, ते पट्टी लावून लगेच सांगता येतं.

[दृश्य: इंची चौकोनांवर मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती), मध्ये दगडी गडगा]

लढाईच्या नकाशात घोटाळा होतो तो घराच्या आत. दहा बाय बाराची खोली जेमतेम चार चौकोनांची. चार वीर आणि एक राक्षस त्यात शिरले की कुणालाच हलता येत नाही. खोली दीडपट फुगवावी, नाहीतर मारामारी खळ्यात (अंगणात) आणावी. पाच फुटी पाखाडी मात्र तशीच ठेवावी; एका वेळी एकच माणूस पुढे, ही तिची गंमत.

पुळणीवर उलटी अडचण. मोठ्या धनुष्याचा साधा पल्ला १५० फूट, म्हणजे ३० इंच. ए-थ्रीचे दोन कागद लांबीला जोडले तर जेमतेम मावतो. कमाल पल्ला ६०० फूट, त्याला दहा फूट लांब टेबल हवं. गलबतातून बाण येणार असतील तर एक इंचाला २० फूट घ्या आणि मिनिएचरऐवजी बटणं वापरा.

[दृश्य: छापलेल्या कागदावर पट्टी]

छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून १०० टक्क्यांवर छापावं. प्रिंटरने नकाशा पाच टक्के जरी लहान केला, तरी कोपऱ्यात लिहिलेलं १:२,००० खोटं पडतं. रेषाप्रमाण (अंतराच्या खुणा केलेली रेघ) नकाशाबरोबरच आकसतं, म्हणून ते काढलेलं असावंच. लढाईच्या कागदावर दहा चौकोन पट्टीने मोजावेत. २५.४ सेंटिमीटर भरले नाहीत, तर उरलेली पानं छापायच्या आधी सेटिंग बघा.