मेजवानीत मिळणारं नागरिकत्व

नमस्कार श्रोतेहो.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य कोपऱ्यात नास नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात निस्गा लोक राहतात. 11 मे 2000 रोजी त्यांचा कॅनडा आणि प्रांत सरकारशी झालेला तह अमलात आला आणि सुमारे 2,000 चौरस किलोमीटर जमिनीवर त्यांचं स्वतःचं सरकार सुरू झालं. त्या तहातलं एक कलम ऐका. निस्गा जोडीदाराशी लग्न केलेल्या दुसऱ्या आदिवासी समाजातल्या माणसाला निस्गा म्हणून नोंद करून घ्यायची असेल, तर चार कुळांपैकी एकाने त्याला आपलं म्हटलं पाहिजे. तेही कुठे? मृताचा हिशेब मिटवण्याच्या किंवा समाधीचा दगड नेण्याच्या मेजवानीत, बाकीच्या कुळांच्या साक्षीने. कॅनडाच्या संविधानाचं संरक्षण असलेल्या दस्तऐवजात हे असं, मेजवानीच्या नावानिशी लिहिलेलं आहे.

हे कलम समजायचं तर आधी कुळं समजून घ्यायला हवीत. गानाडा, गिस्कास्ट, लाक्गिबू आणि लाक्सगीक अशी ती चार. (उच्चार आपल्या जिभेला जमतील तसे करतो आहे.) त्यांची मुख्य चिन्हं अनुक्रमे डोमकावळा, किलर व्हेल, लांडगा आणि गरुड. प्रत्येक कुळात अनेक घराणी. घराण्याला त्यांच्या भाषेत ‘विल्प’ म्हणतात, म्हणजे शब्दशः घर. आपल्याकडे गोत्र बापाकडून येतं, तिथे कूळ आईकडून येतं. सगोत्र लग्न आपल्याकडे वर्ज्य मानत, तसं तिथे एकाच कुळात लग्न चालत नाही. घराण्याच्या प्रमुखाचं नाव आणि मान मुलाकडे जात नाही, मामाकडून भाच्याकडे जातो. मुलगा आईच्या कुळाचा, म्हणून बापाच्या दृष्टीने तो दुसऱ्या घरचाच.

कोणी वारलं की मृताचं कूळ यजमान होतं. कुळातली माणसं एकेक करून पैसे आणून ठेवतात. कोणी किती दिले ते सगळ्यांसमोर पुकारलं जातं. मग खर्च वाचला जातो आणि ज्यांनी कामं केली त्यांना तिथल्या तिथे मोबदला मिळतो; यात मृताच्या वडिलांच्या कुळाचा वाटा मोठा. उधारी उरली नाही, हे सर्वांनी पाहिलं, की मृताचं नाव पुढच्या माणसाला देता येतं. पाहुण्यांनी जेवण घेतलं म्हणजे साक्ष दिली. लेखी दफ्तर नसलेल्या समाजाचं हे जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयही आणि वारसा कचेरीही. कॅनडा सरकारने 1885 ते 1951 अशा मेजवान्यांवर बंदी घातली होती. त्यांना ती उधळपट्टी दिसली, आतलं दफ्तर दिसलं नाही.

जमिनीसाठीचा लढा त्याहून जुना. 1887 साली निस्गा प्रमुख होड्यांतून प्रांताच्या राजधानीला, व्हिक्टोरियाला गेले. 1913 साली त्यांनी थेट लंडनला अर्ज धाडला. 1927 पासून तर आदिवासींनी जमिनीच्या दाव्यासाठी पैसे गोळा करणं हाच गुन्हा ठरला. तो कायदा 1951 मध्ये गेला. 1973 साली निस्गा नेते फ्रँक काल्डर यांच्या नावाने लढलेला खटला निस्गा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. पण सातांपैकी सहा न्यायाधीशांनी मान्य केलं की आदिवासींचा जमिनीवरचा हक्क कायद्याला माहीत असलेली गोष्ट आहे. तो हक्क अजून शिल्लक आहे का, यावर मात्र तिघे एकीकडे, तिघे दुसरीकडे. सातव्याने तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळला. या हरलेल्या खटल्याने सरकारला बोलणीला बसवलं.

आता सरकारची रचना. खोऱ्यात चार गावं, प्रत्येकाचं ग्रामशासन. शिवाय व्हँकुव्हर, टेरेस आणि प्रिन्स रूपर्ट इथल्या निस्गांसाठी तीन शहरी मंडळं, कारण पुष्कळ लोक खोऱ्याबाहेर राहतात. ग्रामशासनांचे सदस्य, शहरी मंडळांचे प्रतिनिधी आणि सर्व नागरिकांनी थेट निवडलेले पदाधिकारी मिळून विधानगृह होतं. त्याचं नाव ‘विल्प सियायूक्ल निस्गा’. कायद्याच्या घरालाही त्यांनी ‘विल्प’च म्हटलं, हे मला फार बोलकं वाटतं. मासेमारी, जंगल, आरोग्य, शाळा यांचा कारभार इथून चालतो. फौजदारी कायदा कॅनडाचाच, आणि नागरिकांच्या मूलभूत हक्कांची कॅनडाची सनदही या सरकारला लागू आहे.

प्रमुखांचं काय? त्यांना विधानगृहात जन्मसिद्ध जागा नाही. त्यांच्यासाठी ज्येष्ठांची परिषद आहे: कुळप्रमुख, कुळातल्या मानाच्या स्त्रिया आणि आदरणीय वडीलधारी. अयूक, म्हणजे पारंपरिक कायदा, काय सांगतो याचा अर्थ लावून सरकारला सल्ला द्यायचा, हे तिचं काम. परिषदेचा अध्यक्ष मात्र मतदानाने निवडला जातो आणि तो सरकारच्या पदाधिकाऱ्यांत गणला जातो. तहाच्या वेळचे निस्गांचे अध्यक्ष जोसेफ गॉसनेल हे स्वतः एका घराण्याचे प्रमुख होते. मतं मागताना ते गॉसनेल, मेजवानीच्या दालनात सिमोगिट, म्हणजे प्रमुख, ह्लीक. एकाच माणसाच्या दोन खुर्च्या, पण एकीवर बसल्याने दुसरी मिळत नाही.

जुनी कुळपद्धत आणि नवं सरकार यांचा सांधा कुठे कुरकुरतो? पहिला पेच मुलांचा. वडील निस्गा, आई परकी, तर मूल वंशज म्हणून तहाखाली नोंदणीला पात्र ठरतं. पण कूळ आईकडून येणार, आणि आईला कूळच नाही. मतदान करता येतं, मेजवानीत जागा नाही. तोडगा म्हणजे दत्तकविधान. त्यातही नवऱ्याच्या कुळाने बायकोला दत्तक घेऊन चालत नाही, नाहीतर ते सगोत्र लग्न होऊन बसेल. म्हणून दुसरं कूळ शोधावं लागतं, आणि कूळ शोधायचं म्हणजे मेजवानी आली, खर्च आला.

दुसरा पेच जमिनीचा, आणि तो खोल आहे. परंपरेने प्रत्येक घराण्याचं स्वतःचं शिकारीचं रान आणि मासेमारीच्या जागा, म्हणजे ‘अंगोस्क’. लढ्यात प्रमुखांनी ती सगळी ‘एका सामाईक वाडग्यात’ टाकली. तहाने जमीन दिली ती निस्गा राष्ट्राला, घराण्यांना नाही. एकत्र राहिले म्हणून तह झाला, हे खरं. पण घराण्याचं नाव ज्या डोंगरावरून आलं, त्याची कायदेशीर मालकी आता त्या घराण्याची नाही, हेही खरं. निस्गा सरकारच्या 2009 च्या कायद्याने तर गावठाणातल्या घराच्या भूखंडाची पूर्ण मालकी नागरिकाला घेता येऊ लागली. तो गहाण ठेवता येतो, बाहेरच्याला विकताही येतो. मालक कोणीही असो, जमिनीवर कायदा निस्गांचाच राहतो, असं सरकार सांगतं. एका वंशपरंपरागत प्रमुखाने तर निस्गा सरकारला कायदे करण्याचा अधिकार संविधानात बसतच नाही, असा दावा लावला. 2013 साली प्रांताच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला.

एका ठिकाणी मात्र शिवण सुबक बसली आहे. मृत्युपत्र न करता नागरिक वारला, तर कुळाचा मानाचा पोशाख आणि तशा वस्तू कोणाकडे जाव्यात, हे ठरवणारा कायदा करण्याचा अधिकार तहाने निस्गा सरकारला दिला. तो नसता, तर प्रांताच्या वारसा कायद्याने त्या वस्तू सरळ मुलांकडे गेल्या असत्या, म्हणजे दुसऱ्या कुळात.

1929 साली खोऱ्यातून नेलेला नीइस्जूल घराण्याचा सुमारे 11 मीटर उंचीचा स्मृतिस्तंभ स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात उभा होता. तो परत मागितला त्या घराण्याने, पाठीशी उभं राहिलं निस्गा सरकार. सप्टेंबर 2023 मध्ये स्तंभ लाक्गाल्ट्साप गावातल्या निस्गा संग्रहालयात आला. इमारत राष्ट्राची आहे. स्तंभ अजूनही नीइस्जूल घराण्याचाच.