सोवळ्यातला खेळ

[दृश्य: खच्चून भरलेलं स्टेडियम. गलका हळूहळू कमी होतो.]

31 ऑगस्ट 2002. कोलोरॅडो राज्याची राजधानी, डेन्व्हर. राज्यातल्याच दोन विद्यापीठांमध्ये फुटबॉलचा सामना रंगलाय. फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. हेल्मेट घालून, लांबोळका चेंडू काखेत मारून पळायचा, तो अमेरिकन फुटबॉल. समोरच्यांनी चेंडू उंच लाथाडलाय आणि तो झेलायला मागे एकटाच उभा आहे विशीतला एक किरकोळ अंगाचा पोरगा. धिप्पाड गड्यांच्या या खेळात तो कुणाचा तरी धाकटा भाऊ वाटावा असा. चेंडू हातात येतो. आणि मग 75 यार्ड तो कुणालाच सापडत नाही.

कॉलेजच्या सामन्यात चेंडूला त्याचा हात लागायची ही पहिलीच वेळ होती.

पोराचं नाव जेरेमी ब्लूम. सहा महिन्यांपूर्वी सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तो अमेरिकेकडून उतरला होता, पण स्कीइंगमध्ये. त्याचा प्रकार मोगल. बर्फाच्या तीव्र उतारावर ओळीने टेंगळं असतात, त्यांच्यामधून नागमोडी खाली यायचं. गुडघे शिलाई मशीनच्या सुईसारखे वरखाली होत असतात, मध्येच दोनदा हवेत झेप घेऊन कसरत दाखवायची आणि पुन्हा टेंगळांवर उतरायचं. ऑलिम्पिकमध्ये तो नववा आला, त्या मोसमात विश्वचषक मात्र त्याचाच होता.

एकच मुलगा डोंगरावर जगात अव्वल आणि मैदानावरही वाघ. इथपर्यंत सगळी कौतुकाची गोष्ट. भानगड होती त्याच्या हेल्मेटवरच्या स्टिकरची.

[दृश्य: स्कीपटूच्या हेल्मेटवरची चिन्हं, अगदी जवळून.]

स्कीइंगमध्ये पगार नसतो. प्रशिक्षक, विमानाची तिकिटं, हिवाळा संपला की दुसऱ्या गोलार्धातल्या बर्फावरचा सराव, हे सगळं भागतं ते प्रायोजकांवर. म्हणून तर स्कीपटूच्या टोपीपासून पायातल्या पट्ट्यांपर्यंत जाहिराती असतात. ब्लूम दिसायला देखणा, बोलायला चटपटीत. टॉमी हिल्फिगरच्या कपड्यांसाठी मॉडेलिंग, निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर सूत्रसंचालन, अशी कामं त्याच्यासमोर होती. त्यातल्या एकाचाही फुटबॉलशी काडीचा संबंध नव्हता.

आडवी आली एनसीएए. अमेरिकेतल्या कॉलेज क्रीडाविश्वाची ही सर्वेसर्वा संघटना. तिचा नियम साधा होता. कॉलेजात खेळणारा विद्यार्थी हौशी असला पाहिजे. कॉलेजात दाखल झाल्यावर त्याने कुठल्याही मालाची जाहिरात करायची नाही, आपलं नाव किंवा चेहरा कुठल्याही धंद्याला वापरू द्यायचा नाही.

आता गंमत ऐका. याच नियमावलीत दुसऱ्या खेळात पगार घेण्याची मुभा होती. क्रिस वाइन्की नावाचा खेळाडू आधी कित्येक वर्षं टोरंटोच्या बेसबॉल क्लबच्या नोकरीत होता. मग तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आला, कॉलेज फुटबॉल खेळला आणि 2000 साली, वयाच्या 28व्या वर्षी, त्याने हाइसमन करंडक पटकावला. कॉलेज फुटबॉलमधला हा सर्वांत मोठा सन्मान. म्हणजे बेसबॉलचा पगार घेतलेला माणूस फुटबॉलमध्ये हौशी राहतो, आणि स्कीइंगच्या जाहिरातीचे पैसे घेतलेला माणूस बाटतो. बेसबॉलमध्ये कमाई पगारातून होते, स्कीइंगमध्ये जाहिरातीतून. फरक एवढाच.

आपल्याकडे ‘हौशी’ हा शब्द ऐकला की राज्य नाट्यस्पर्धा आठवते. दिवसभर नोकरी करून रात्री तालमीला येणारी, पदरमोड करून नेपथ्य उभं करणारी माणसं. हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो ते अशांच्या कौतुकानं. एनसीएएनेही हेच म्हणून दाखवलं. पण ज्या मैदानावर म्हटलं तिथे 50 हजार लोक तिकीट काढून बसले होते.

[दृश्य: बोल्डर शहर. मागे डोंगर, पुढे विद्यापीठाचं फोल्सम फील्ड.]

ब्लूम कोर्टात गेला. बोल्डरच्या जिल्हा न्यायालयाने 2002 मध्ये त्याला अंतरिम दिलासा नाकारला. जाहिराती सोडून तो दोन मोसम कोलोरॅडो विद्यापीठाकडून खेळला. दरम्यान 2003 मध्ये मोगलमध्ये जगज्जेताही झाला. मे 2004 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानेही त्याच्याविरुद्ध निकाल दिला. नियम स्पष्ट आहे आणि त्यामागे कारण आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

कारण होतं, हे कबूल करायला हवं. एनसीएएची भीती अगदीच खोटी नव्हती. कॉलेजचे श्रीमंत पाठीराखे चांगल्या खेळाडूला मागल्या दाराने पैसे चारतात, हा तिथला जुना रोग. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात हा प्रकार इतका बोकाळला, की 1987 मध्ये एनसीएएने त्यांचा फुटबॉलचा अख्खा मोसमच रद्द केला. उद्या एखादा मोटारविक्रेता म्हणाला, ‘पोरगा माझ्या दुकानाची जाहिरात करतो, त्याचे लाख डॉलर देतोय’, तर ती जाहिरात की लाच, हे ठरवायचं कुणी?

पण मग निकलोडियन कुठल्या कॉलेजचा पाठीराखा होता, हाही प्रश्न उरतोच.

ब्लूमने शेवटी ऑलिम्पिकसाठी प्रायोजकांचे पैसे घेतले. ऑगस्ट 2004 मध्ये एनसीएएने त्याला कायमचा अपात्र ठरवलं. वय 22. कॉलेजची दोन वर्षं शिल्लक होती.

ऑलिम्पिकची यात काहीच आडकाठी नव्हती, हे विशेष. एकेकाळी तिथलं सोवळं सर्वांत कडक. बेसबॉलचे किरकोळ पैसे घेतले म्हणून जिम थॉर्पची 1912ची दोन सुवर्णपदकं त्यांनी काढून घेतली होती. त्याच ऑलिम्पिकने 1980च्या दशकात हे सोवळं सोडलं. कॉलेजांनी मात्र ते आणखी घट्ट नेसलं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

ते नेसायला सुरुवात कुठे झाली, हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. याच कोलोरॅडोत थांबू.

1950 साली डेन्व्हर विद्यापीठाच्या अर्नेस्ट नेमेथ या खेळाडूला फुटबॉलच्या सरावात पाठीला मार लागला. विद्यापीठाने त्याला टेनिस कोर्टांची देखभाल करायचं काम दिलं होतं, महिना 50 डॉलरवर. फुटबॉल खेळला तरच ते काम टिकणार, हे उघड होतं. 1953 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा विद्यापीठाचा नोकर आहे, त्याला कामगार म्हणून भरपाई मिळाली पाहिजे.

कॉलेजांच्या पोटात गोळा आला. खेळाडू कामगार ठरला, तर उद्या विमा आला, वेतन आलं. एनसीएएचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या कचेरीत तेव्हा एक शब्द घडवला गेला, ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’. विद्यार्थी-खेळाडू. नियमावलीत, पत्रकांत, समालोचनात सगळीकडे तो पेरला. ऐकायला किती सात्त्विक! जन्म मात्र भरपाई टाळण्यासाठी.

1955 मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट लुइस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या बायकोने भरपाई मागितली. 1957 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं कारण देऊन.

निवृत्तीनंतर बायर्स स्वतःच या व्यवस्थेवर तुटून पडले, विद्यार्थी-खेळाडू हा शब्द आपण का रुजवला तेही त्यांनी लिहून ठेवलं. तोवर त्यांचं सगळं आयुष्य त्या शब्दाची राखण करण्यात गेलं होतं.

[दृश्य: वॉशिंग्टन. सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.]

कोलोरॅडो विद्यापीठाच्या पहिल्या मोठ्या फुटबॉल ताऱ्याचं नाव बायरन व्हाइट. 1937चा मोसम त्याने गाजवला. कॉलेज संपताच पिट्सबर्गच्या क्लबने त्याला सुमारे 15 हजार डॉलर देऊन उचललं. त्या काळी व्यावसायिक फुटबॉलमध्ये इतका पैसा कुणालाच मिळत नव्हता. पुढे तो वकील झाला आणि 1962 मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश.

1984 मध्ये त्याच्यासमोर एनसीएएचाच खटला आला. कॉलेजचे सामने टीव्हीवर कुणी आणि किती दाखवायचे, हा हक्क एनसीएएने स्वतःकडे ठेवला होता. न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ती मक्तेदारी मोडली. विरोधातल्या दोघांत एक व्हाइट. कॉलेजचा खेळ हा बाजार नव्हे, अशी त्यांची धारणा होती. बाजार मात्र त्या निकालानंतरच खरा उघडला. 2010 मध्ये एका बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरना गेले. विद्यापीठांनी बूट-कपड्यांच्या कंपन्यांशी करार केले. जर्सीवर कंपनीचं चिन्ह आलं, ते किती चौरस इंच असावं याचाही नियम झाला. जर्सी घालणाऱ्याला त्यातलं काही नाही.

नियमांचा तपशील तर विनोदी होता. खेळाडूला जेवणाव्यतिरिक्त फळं, सुकामेवा आणि बेगल नावाचा पाव देता यायचा. त्या पावावर लावायचं क्रीम चीज कित्येक वर्षं नियमात बसत नव्हतं. 2014 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू शबाझ नेपिअर राष्ट्रीय विजेतेपदाच्या धामधुमीत पत्रकारांना सांगून बसला, की काही रात्री आपण उपाशी झोपतो. आठवड्याभरातच जेवणावरची बंधनं उठवण्याचा ठराव आला.

आणि मग एड ओबॅनन. 1995 मध्ये यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला बास्केटबॉलचं विजेतेपद मिळवून देणारा. पुढे तो मोटारी विकत होता. एकदा मित्राच्या घरी त्याला एक व्हिडिओ गेम दिसला. पडद्यावरचा खेळाडू डावखुरा, टक्कल केलेला, अंगात यूसीएलएची 31 क्रमांकाची जर्सी. नाव कुठेच नव्हतं. नाव लिहिलं नाही की पैसे द्यावे लागत नाहीत, असा सोयीचा हिशेब. 2009 मध्ये ओबॅनन कोर्टात गेला आणि 2014 मध्ये जिंकला.

2019 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की विद्यार्थ्याचं नाव आणि चेहरा त्याचाच. पुढच्या मार्चमध्ये कोलोरॅडोनेही तसाच कायदा केला. आणि 21 जून 2021 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्ध नऊ-शून्य असा निकाल दिला. मुद्दा शिक्षणाशी निगडित सवलतींपुरताच होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत लिहून बजावलं, की एनसीएए कायद्याच्या वर नाही. मुख्य निकालपत्र लिहिलं नील गॉर्सच यांनी. गॉर्सच मूळचे डेन्व्हरचे. तरुणपणी सर्वोच्च न्यायालयात त्यांनी ज्यांच्या हाताखाली उमेदवारी केली, त्यांत एक होते बायरन व्हाइट.

दहाच दिवसांत, 1 जुलैला, जाहिरातबंदी गेली.

[दृश्य: व्हिडिओ गेमचं मुखपृष्ठ.]

खटल्यांमुळे बंद पडलेला कॉलेज फुटबॉलचा व्हिडिओ गेम 2024च्या जुलैत परत आला. या वेळी खऱ्या नावांसह, प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत देऊन. मुखपृष्ठावर तिघे, त्यांतला एक कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर. त्याच वर्षी हाइसमनही त्याचाच. बंदी उठल्यावरही जाहिराती सर्वांच्या वाट्याला येत नाहीत. परदेशी विद्यार्थी एफ-वन व्हिसावर असतात. आपल्याकडच्या घराघरांत हा व्हिसा ठाऊक आहे आणि कॅम्पसबाहेर काम केलं तर तो कसा धोक्यात येतो, हेही. कांगोहून केंटकी विद्यापीठात आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर चिब्वे जाहिरातीची कामं करायला संघ बहामाजच्या दौऱ्यावर असल्याची संधी साधत होता. अमेरिकेची वेस ओलांडली की चालतं!

जून 2025 मध्ये एनसीएएविरुद्धच्या एका मोठ्या खटल्यात तडजोड मंजूर झाली. जुन्या खेळाडूंना मिळून सुमारे 2.8 अब्ज डॉलर, आणि यापुढे प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतं, पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. बाहेरची जाहिरात 600 डॉलरच्या वरची असली, तर ती कळवायची. मग तपासनीस पाहतात, हा खरा व्यवहार आहे की पाठीराख्यांनी केलेली सोय. मोटारविक्रेत्याचा तो प्रश्न आता ऑनलाइन अर्जात आलाय.

[दृश्य: फोल्सम फील्ड. रिकाम्या खुर्च्या.]

कोलोरॅडो विद्यापीठाने काही मोजक्या खेळाडूंचे क्रमांक सन्मानाने निवृत्त केलेत. बायरन व्हाइटचा 24. एप्रिल 2025 पासून हंटरचा 12 आणि त्याचा साथीदार शेड्यूर सँडर्सचा 2. ब्लूमचा क्रमांक त्यांत नाही.

कॉलेज सुटल्यावर तो पुन्हा डोंगरावर गेला. 2005 मध्ये विश्वचषकाच्या सलग सहा स्पर्धा त्याने जिंकल्या. 2006च्या ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाने त्याला पाचव्या फेरीत निवडलं, पण मुख्य मोसमातला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे त्याने सॉफ्टवेअरची कंपनी काढली. डिसेंबर 2024 मध्ये तो एक्स गेम्सचा मुख्याधिकारी झाला. बर्फावरच्या आणि रस्त्यावरच्या कसरतींची ही स्पर्धा. तिथे उतरणाऱ्या पोरांच्या हेल्मेटवर स्टिकर असतात.